बिनहाडाचा वाडगा

करा-ओय गावात कुणाकडे मेंढा कापला की पहिलं बोलावणं इशेनकुलला जायचं. कापण्यासाठी नव्हे. कापणारे गावात पैशाला पासरी होते. इशेनकुल लागायचा तो वाटायला. दारासमोरच्या मानाच्या बैठकीपासून उंबऱ्यापर्यंत तीस-चाळीस माणसं मांडी घालून बसलेली, आणि मेंढ्याची मोठी हाडं मोजून बारा. कुणाच्या पुढ्यात कुठलं हाड ठेवायचं हे चुकलं तर लग्न बिघडतं, सोयरीक तुटते, दोन भावांच्या मुलांना एकमेकांची तोंडं पाहता येत नाहीत. किर्गिझ माणूस उपाशी उठेल, पण चुकीचं हाड घेऊन उठणार नाही.

खुबा, ज्याला आम्ही जंबाश म्हणतो, तो बैठकीतल्या सगळ्यात थोर माणसाचा. शेपटाकडचा भाग थोरल्या बायकांचा. मांडीच्या नळ्या त्यांच्या खालच्यांच्या, पुढच्या पायाच्या नळ्या जावयांच्या आणि तरण्यांच्या. फरा, म्हणजे खांद्याचं पसरट हाड, मात्र कुणा एकाचा नसतोच. त्याचं मांस चिरायचं आणि सगळ्यांच्यात फिरवायचं. मानाच्या माणसापुढे नुसता फरा ठेवणं म्हणजे त्याला तोंडावर ‘ऊठ इथून’ म्हणणं.

हे सगळं सगळ्यांनाच पाठ असतं. पण पाहुण्यांत दोन व्याही असले, त्यातला एक वयानं मोठा आणि दुसरा नात्यानं, तर काय करायचं, हे फक्त इशेनकुलला कळायचं. तीस वर्षांत त्याच्या वाटपावर कुणी नाक मुरडलं नाही. एकदा जिल्ह्याचा मोठा साहेब आला होता. त्याला नळी मिळाली आणि खुबा मिळाला शेजारच्या कुरणातल्या एका म्हाताऱ्या मेंढपाळाला. साहेबाचा ड्रायव्हर तणतणत चुलीपाशी आला. इशेनकुल सुरी पुसत म्हणाला, “तुझ्या साहेबाला सांग, खुर्ची गाडीत ठेवून आत यायचं. इथे वय बसतं.” साहेब नळी खाऊन गेला.

असा माणूस तिरसट असणारच. राग त्याच्या नाकावर असायचा, आणि नाक चांगलं मोठं होतं. बायको सयराकान हिनं चाळीस वर्षं त्याच्या रागाखाली संसार केला. घोडा दमला तर घोड्यावर राग, बर्फ लवकर पडला तर बर्फावर, आणि काहीच झालं नाही तर सयराकानवर. मनात मात्र काही ठेवायचा नाही, ओरडून मोकळा व्हायचा. निदान टाळू शाबूत होता तोवर तरी.

टाळूला आधी एक चट्टा आला. जिभेखाली नासवाय, म्हणजे ती हिरवी तंबाखू, ठेवायची सवय त्याला मिसरूड फुटल्यापासूनची. सयराकान म्हणाली, दाखवून या. तो म्हणाला, तुझी बडबड ऐकून ऐकून आलाय, तू गप्प बसलीस की जाईल. ती गप्प बसली नाही आणि चट्टाही गेला नाही. वर्षानं शहरातल्या डॉक्टरांनी उजव्या बाजूचा अर्धा टाळू दातांसकट कापून काढला, वरून किरणांचे शेक दिले. जीव वाचला. तोंडाचं छत गेलं ते गेलंच. तोंड आणि नाक एक झालं.

त्या भोकावर बसवायला दातांच्या डॉक्टरनं एक गुलाबी पट्टी करून दिली होती. ती सकाळी बसायची, दुपारी हलायची आणि जेवताना दगा द्यायची. चहा प्यायला की नाकातून यायचा. बोलणं तर विचारूच नका. ‘बाता’ म्हणायला गेला, म्हणजे थोरानं हात उघडून द्यायचा तो आशीर्वाद, तर तोंडातून निघायचं ‘माना’. लोक कान पुढे करून म्हणायचे, “काय म्हणालात? ऐकू आलं नाही.” ज्याचा आवाज एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावरच्या गुराख्याला कळायचा, त्याला आता शेजारी बसलेला म्हणत होता, ऐकू आलं नाही. दहा वेळा तेच ते ऐकलं की कुणाचंही डोकं फिरेल. इशेनकुलचं तर आधीच फिरलेलं होतं.

तरी तो जेवणावळींना जात राहिला. कोचकोरला एका सोयऱ्याकडे गेला, तिथे जेवताना पट्टी जरा सुटली, थोडं सांडलं. त्याच्या लेखी ती गोष्ट तिथेच संपली.

मग धाकट्या भावानं, कासिमालीनं, नवं घर बांधलं आणि गावजेवण घातलं. कासिमालीचं घर इशेनकुलच्या घराला लागूनच. मधे फक्त हातभर मातीची भिंत. बाप गेल्यावर इशेनकुलनंच त्याला वाढवला होता, घोड्यावर बसवला होता, त्याच्या लग्नात मेंढा वाटला होता. त्या दिवशी वाटप दुसऱ्या कुणाकडे दिलं होतं, ते त्यानं समजून घेतलं. नावं पुकारावी लागतात, ती आता त्याच्या तोंडून कुणाला कळणार? तो मानाच्या बैठकीत जाऊन बसला. वयानं तोच थोर. खुबा त्याचाच.

पाणी आलं, हात धुऊन झाले. ताटं आली. खुबा आला आणि त्याच्या डाव्या हाताला बसलेल्या तोकोबायपुढे ठेवला गेला. हा तोकोबाय त्याच्याहून दोन वर्षांनी लहान. नळ्या आल्या, गेल्या. शेवटी कासिमाली स्वतः आला आणि त्यानं मान खाली घालून दादापुढे एक वाडगा ठेवला. बारीक चिरलेलं मांस, शेवया, वरून सुरुवा. हाड नाही. दात न आलेल्या पोराला भरवतात तसा वाडगा.

आता कुणी म्हणेल, बिचाऱ्याला चावता येत नाही म्हणून दिला असेल. अरे, चावता येत नाही तर काय झालं? आमच्यात हाड खाण्यासाठी देतातच कुठे? दोन घास कापून चाखायचे आणि उरलेलं पिशवीत घालून घरी न्यायचं, नातवंडांना सांगायचं, बघा, आज मला काय मिळालं. नव्वदीचे बोळक्या तोंडाचे म्हातारे खुबा पिशवीत घालून छाती काढून घरी जातात. पट्टी सुटते म्हणून मान सुटतो होय?

इशेनकुलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो बोलायला उठला. रागानं पट्टी निसटली आणि जे बाहेर आलं ते शब्द नव्हते, नुसते नाकातले आवाज होते. चाळीस माणसं बघत राहिली. पलीकडून कुणीतरी सवयीनं म्हणालंच, “काय म्हणतायत? ऐकू आलं नाही.” तो वाडग्याला हात न लावता निघून गेला. सयराकान बायकांच्या बाजूला बसली होती, ती चप्पल हातात घेऊन त्याच्या मागे पळाली.

त्यानंतर तीन वर्षं तो भावाच्या उंबऱ्याला शिवला नाही. मातीची भिंत त्यानं दोन हात उंच केली. कासिमालीनं ईदला मांस पाठवलं, ते त्यानं कुत्र्यापुढे टाकलं. त्याचं मेंढरू चुकून या अंगणात आलं तर त्याच्या बापाचा, म्हणजे स्वतःच्याच बापाचा, उद्धार करायचा. घरी चहाला बसला की विषय तोच. शब्द नाकातून निघायचे, पण चाळीस वर्षांच्या सवयीनं सयराकानला एकूणएक कळायचे.

“सोडा आता,” ती एकदा म्हणाली. “सख्खा भाऊ आहे.”

“सख्खा? सख्ख्यानं वाडगा दिला? परक्यानं दिला असता तर गिळला असता मी!”

“मानाला काय चाटायचंय? जीव वाचला, ते बघा.”

“तू कुणाच्या बाजूची? मागच्या दारानं त्याच्या घरी जातेस, मला दिसत नाही असं वाटतं काय?”

ती उठून गेली. पुन्हा तिनं विषय काढला नाही. जेवताना त्याचं मांस बारीक चिरून द्यायची, तो गिळायचा आणि भावाला शिव्या घालायचा.

त्याच्या मनात एक वाक्य तयार झालं होतं. कासिमालीला सांगायचं वाक्य. चाळीस माणसांच्या देखत, त्याच घरात, त्याच बैठकीत. वाक्य मोठं नव्हतं. पण त्यात प, ब, त, द, सगळी अक्षरं होती, आणि त्यातलं एकही त्याच्या तोंडातून धड निघत नव्हतं. नाकातून अपमान करता येत नाही. लोक हसतात.

मुलगा एर्मेक राजधानीत, बिश्केकला असायचा. त्यानं फोन केला, “इथे एक डॉक्टर बाई आहेत. शरीरातलं दुसरीकडचं हाड काढून टाळू बांधतात. आपल्या नारीन प्रांतातल्याच आहेत.” एरवी इशेनकुलनं फोन आपटला असता. त्या दिवशी त्यानं एवढंच विचारलं, “मग बोलता येतं?” एर्मेक म्हणाला, येतं म्हणतात. दुसऱ्या दिवशी म्हातारा-म्हातारी गाडीत बसून निघाली.

डॉक्टर चिनारा एसेनोव्ना चाळिशीची, लहान चणीची, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. तिनं पट्टी काढून आत दिवा मारला, बराच वेळ बघितलं. इशेनकुल काहीतरी म्हणाला तेव्हा एर्मेक समजावून सांगायला पुढे झाला. तिनं त्याला हातानं थांबवलं.

“मला कळतंय. दिवसभर असंच बोलणाऱ्यांत असते मी. तुम्ही विचारताय, कुठलं हाड. बरोबर?”

इशेनकुलनं मान डोलावली. आणि ती काही बोलायच्या आत त्यानं आपल्या कमरेवर थाप मारली. “जंबाश. खुबा घे माझा. जाडजूड आहे.”

“खुबा नाही घेणार.”

“मग नळी?”

“नळीही नाही. फरा.” तिनं त्याच्या खांद्याच्या मागे बोट टेकलं. “फऱ्याचं खालचं टोक. या डाव्या बाजूचं. सुरी उजव्या हातानं धरता ना?”

 सयराकाननं डोळे मिटून घेतले, कारण पुढे काय होणार हे तिला ठाऊक होतं.

“फरा?” इशेनकुल खुर्चीतून उठला. नाकातून, तोंडातून, जिथून जमेल तिथून तो ओरडला. “आयुष्यात मी फरा मानाच्या ताटात येऊ दिला नाही! फरा पोराटोरांत चिरून वाटतात! आणि तो मी तोंडात घालून हिंडू? लोक काय म्हणतील, इशेनकुलच्या तोंडात काय, तर फरा? नारीनची म्हणवतेस आणि तुला एवढं कळत नाही? कुणी शिकवलं तुला?”

“बाबा, बसा,” एर्मेक म्हणाला.

“तू गप रे. हिला वाटप येत नाही!”

चिनारानं दिवा विझवला आणि खाली ठेवला. तिचाही चेहरा लाल झाला होता. सकाळपासून उभी असलेली बाई होती ती.

“ऐका अक्साकाल, थोर माणूस म्हणून सांगते. तुमच्या त्या जागेला किरणांचे शेक दिलेत. तिथलं रक्त आटलंय. खुब्याचा तुकडा कापून नुसता तिथे बसवला तर महिन्याभरात कुजून पडेल. फऱ्याचं टोक मी त्याच्या रक्तवाहिनीसकट काढणार, ती वाहिनी मानेतल्या वाहिनीला शिवणार. म्हणजे हाड जिवंत राहील. ते पातळ असतं आणि आतून वाकलेलं असतं, नेमकं टाळूसारखं. देवानं दुसरीकडे कुठे असं हाड ठेवलं असतं तर तेही घेतलं असतं. नाही ठेवलं.”

“तरी खुबाच—”

“लग्नाच्या पंगतीत हाडं तुम्ही वाटता ना? तिथे तुम्ही मला शेपूट दिलंत तरी मी चकार शब्द काढणार नाही. पण या खोलीत वाटप माझ्याकडे आहे, आणि मी तुमच्या वाट्याला फरा दिलाय. घ्यायचा तर घ्या, नाहीतर उठा. बाहेर अकरा माणसं बसली आहेत.”

इशेनकुल उठला. दार आपटून बाहेर गेला आणि बाकावर बसून राहिला. त्याच्याशी असं कुणी बोललं नव्हतं, बापसुद्धा नाही. एर्मेक समजूत घालायला गेला, तो हातानं हाकलला गेला. समोरून एक बाई गेली, तिच्या गालाला टाके. एक तरणा मुलगा गेला, त्याचा जबडा बांधलेला. ही सगळी माणसं त्या खोलीत जात होती आणि जे मिळेल ते घेऊन मुकाट्यानं बाहेर येत होती.

राग उतरला नव्हता. पण वाटणाऱ्याशी वाद घालायचा नाही, हा नियम त्याचाच होता. जो घालेल त्याला तो पुढच्या वेळी बोलवायचाच नाही. शिवाय ते वाक्य होतं. ते वाक्य तीन वर्षं पोटात जळत होतं. एका फऱ्यापायी ते तसंच घेऊन मरायचं?

तासाभरानं तो आत गेला आणि भिंतीकडे बघून म्हणाला, “डावा. उजव्याला हात लावशील तर बघ.”

शस्त्रक्रियेला दहा तास लागले. जाग आली तेव्हा तोंड सुजून भोपळा झालेलं, नाकात नळी, डावा हात छातीशी बांधलेला आणि पाठीत असा ठणका की भिंतीवरचं घड्याळ फेकून मारावंसं वाटत होतं. चिनारा दर दोन तासांनी येऊन त्या नव्या तुकड्याला टाचणी टोचून बघायची, रक्त लाल आहे ना. पाचव्या दिवशी ती म्हणाली, “जगलं.” एवढं एकच बोलली आणि दुसऱ्या खाटेकडे गेली. सयराकान खिडकीकडे तोंड करून रडली. इशेनकुलला त्याचाही राग आला, कारण त्याला रडता येत नव्हतं, नाकात नळी होती.

पंधरा दिवसांनी नळी निघाली. पहिला घोट चहाचा. तो नाकात गेला नाही. तो खाली गेला, जिथे चहानं जायचं असतं तिथे. त्यानं पेला रिकामा केला आणि दुसरा मागितला.

बोलणं मात्र लगेच आलं नाही. जिभेला नवं छत परकं वाटत होतं. एक तरुणी यायची, त्याच्या नाकाखाली आरसा धरायची आणि लहान मुलासारखं ‘पा-पा, बा-बा’ म्हणायला लावायची. आरशावर वाफ आली की चूक. साठीला टेकलेला माणूस, ज्यानं साहेबाला नळी दिली, तो आरशासमोर ‘पा-पा’ करत होता. आरसा फोडावा असं त्याला रोज वाटायचं. फोडला नाही. गावी परतल्यावर मेंढ्या घेऊन वर जायचा आणि तिथे एकट्यानं ते वाक्य म्हणायचा. आधी तुकड्यातुकड्यानं, मग सलग. मेंढ्यांनी ते इतक्या वेळा ऐकलं की त्यांनाही पाठ झालं असेल.

घरी मात्र तो फार बोलत नव्हता. सयराकानला वाटलं, अजून जमत नसेल.

शरदात कासिमालीच्या मुलाचं, तिलेकचं लग्न ठरलं. कासिमाली स्वतः भिंतीपाशी आला, आत यायची हिंमत झाली नाही, तिथूनच म्हणाला, “दादा, थोरले तुम्ही. बाता तुम्हीच द्यायचा. नाही आलात तर मी दुसऱ्या कुणाला सांगणार नाही.” इशेनकुलनं त्याच्याकडे न बघता मान डोलावली. सयराकानच्या हातातली बादली हिंदकळली. तिला वाटलं, सुटलं एकदाचं. तिनं त्याचा नवा कोट काढला, टोपीला वाफ दिली, मागच्या दारानं जाऊन जावेला पीठ मळायला मदत केली. त्याच्या पोटात काय शिजतंय याचा तिला पत्ताच नव्हता.

मोठ्या खोलीत माणसं दाटली होती. मुलीकडचे तालासहून आलेले, नवे कोरे व्याही, एकेक जण टोपी सावरून बसलेला. इशेनकुल मानाच्या जागी. पाणी आलं. ताटं आली. कासिमालीनं दोन्ही हातांनी खुबा आणला आणि दादापुढे ठेवला.  इशेनकुलनं सुरीनं एक काप काढला, डाव्या दाढेखाली चावला, गिळला. सगळं जिथल्या तिथे गेलं. खोलीतले सगळे चोरून त्याच्या नाकाकडे बघत होते, ते त्याला दिसत होतं.

मग सून आली. पांढरा रुमाल कपाळापर्यंत ओढलेला. दारातच ती कमरेत वाकली, एकदा, दोनदा, तीनदा, आणि तशीच उभी राहिली, बाताची वाट बघत. चाळीस माणसांनी ओंजळी उघडल्या.

इशेनकुलनं घसा साफ केला.

“कासिमाली,” तो म्हणाला. आवाज स्वच्छ होता. उंबऱ्यापर्यंत गेला. “तीन वर्षांपूर्वी याच घरात, याच जागेवर, तू तुझ्या बापाच्या जागी असलेल्या भावाला बिनहाडाचा वाडगा दिलास. जो सख्ख्या भावाला हाड देत नाही, त्याच्या दारात आलेल्या सुनेला माझा बाता नाही.”

एकही अक्षर नाकात गेलं नाही. प, ब, त, द, सगळे जिथल्या तिथे पडले. आणि या वेळी कुणीही म्हणालं नाही की ऐकू आलं नाही.

व्याह्यांच्या ओंजळी हळूहळू मिटल्या. त्यातला थोरला कासिमालीकडे बघू लागला, हे कसलं घर आहे जिथे आपण मुलगी दिली, अशा नजरेनं. सून वाकलेली ती वर झालीच नाही, रुमालाच्या आत तिचे खांदे हलायला लागले. कासिमालीचं तोंड आधी लाल, मग पांढरं पडलं.  त्यानं बायकांच्या बाजूला एकदा बघितलं आणि मान खाली घातली. इशेनकुल वाट बघत होता. वाक्य तर म्हणून झालं होतं. मग तो जाळ शांत का होत नव्हता?

“कासिमाली, तू सांगतोस, की मी उठू?” बायकांच्या बाजूनं आवाज आला. सयराकान उभी राहिली होती. चाळीस वर्षांत ती पुरुषांच्या बैठकीसमोर अशी उभी राहिली नव्हती.

“बस खाली,” इशेनकुल म्हणाला.

“नाही बसत. हाड देऊ नको असं कासिमालीला मी सांगितलं होतं. मी!”

तालासच्या व्याह्यांच्या माना तिच्याकडे वळल्या.

“कोचकोरच्या जेवणात तुमची पट्टी सुटून ताटात पडली. नाकातून शेवया आल्या. तुम्ही म्हणता, थोडं सांडलं. समोर त्या घरचे दोन जावई बसले होते, रुमाल तोंडात कोंबून हसत होते. तुम्ही खाली बघत होता, तुम्हाला दिसले नाहीत. मला दिसले! घरी येईपर्यंत मी ओठ चावून चावून रक्त काढलं. तुम्हाला हाड दिलं की तुम्ही ते पिशवीत घालणारे का? हट्टानं तिथेच चावत बसणार. म्हणून मी भिंतीवरून कासिमालीपुढे गयावया केली. म्हटलं, मऊ दे, लोकांसमोर परत नको. तो म्हणाला, वहिनी, दादा माझा जीव घेईल. मी म्हटलं, तुझ्यावर दोन दिवस चिडतील, माझ्यावर जन्मभर. तू सोस.”

“वहिनी, राहू द्या,” कासिमाली पुटपुटला.

“का राहू देऊ? दोन दिवसांची तीन वर्षं झाली! ईदचं मांस कुत्र्यानं खाल्लं, तरी या माणसानं तोंड उघडलं नाही. तुम्हाला टाळू नव्हता म्हणून बोलता येत नव्हतं. याला टाळू असून बोलता आलं नाही, माझ्यापायी.” तिचा श्वास चढला होता. “मी का नाही सांगितलं? भ्यायले. हो, भ्यायले. याचं नाव निघालं की तुमच्या शिव्या संपेपर्यंत चहाचं बर्फ व्हायचं, त्यात कधी सांगणार होते? आणि तीन वर्षं घरी तुमचं मांस कोण चिरत होतं? माझ्या हातचा बिनहाडाचा वाडगा दिवसातून दोनदा गिळलात, तेव्हा कुठे गेला होता मान? आता मिळालंय ना तोंड? या पोरीनं काय घोडं मारलंय तुमचं? मला बोला. बोला की!”

इशेनकुलनं तोंड उघडलं. राग होता, भरपूर होता, घशापर्यंत आला होता. पण तो कुणावर काढायचा? भावावर काढून झाला होता, आणि तो भलत्याच पानात वाढला गेला होता. तीस वर्षं मेंढ्याची हाडं वाटताना ज्याचा हात एकदाही चुकला नाही, त्यानं तीन वर्षं रोज, सकाळ-संध्याकाळ, चुकीच्या माणसापुढे वाढलं होतं. आणि बायकोवर काढावा, तर ती समोर मुठी वळून उभी होती आणि तिचं खरं होतं. त्याला तिचाही राग आला. आपल्याला वाचवायला निघालेल्या बाईचा, जिनं आपल्याला तीन वर्षं वेड्यासारखं भुंकू दिलं तिचा. आणि त्याहून जास्त स्वतःचा, कारण ती आपल्याला घाबरली होती.

“चुकलो,” तो म्हणाला. खालच्या आवाजात, मिशीत.

फऱ्याच्या हाडानं त्याला नवं तोंड दिलं होतं, आणि त्या तोंडात आता काही लपत नव्हतं. जवळच्या चार-पाच जणांना स्पष्ट कळलं. पूर्वी नाकात सोडून दिलं असतं तर कुणाला कळलंही नसतं.

सयराकाननं मान वर केली. “ऐकू आलं नाही.”

तिला ऐकू आलं होतं. हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, इशेनकुललाही. त्याच्या कपाळाची शीर फुगली. डावा खांदा, जिथलं हाड काढलं होतं, तो आपोआप वर आला. कोचकोरचे ते जावई, तो तोकोबाय, सगळ्या जगाचा राग एका घोटात गिळून तो उठून उभा राहिला.

“चुकलो म्हणालो!” तो ओरडला. “कासिमाली, चुकलो. सयराकान, तुझंही चुकलं, पण माझं जास्त चुकलं. आता पुरे! पोर कधीची वाकून उभी आहे, हात उघडा सगळ्यांनी!”

चुलीपाशी बाहेर उभ्या असलेल्या बायकांनीही ते ऐकलं. तालासच्या थोरल्या व्याह्यानं एकवार त्याच्याकडे बघितलं आणि ओंजळ उघडली, मग बाकीच्यांनी उघडली. कासिमालीनं तोंड झाकण्यासाठी धरलेले हातच तसे पुढे केले. इशेनकुलनं बाता दिला. घर दुभत्यानं भरो, चूल विझू नये, या दाराचा उंबरा नव्या पायांना नरम लागो. आवाज अजून रागातच होता, पण एकेक शब्द सुटा, सुनेला कळेल असा.

सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवून “ओमीन” म्हटलं. सयराकान मात्र हाताची घडी घालून तशीच उभी होती. कासिमालीच्या बायकोनं तिला कोपरानं ढोसलं, तेव्हा कुठे तीही “ओमीन” म्हणाली, सगळ्यांच्या मागून, दातओठ खाऊन.